सायक्लोस्पोरिन, उंदरांचे वृक्क आणि आपले रुग्णपत्रक

गेल्या वर्षअखेरीस एका औषधनिर्मात्याचे प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात एक माहितीपत्रक ठेवून गेले. गुळगुळीत कागदावर दोन रंगीत चित्रे छापलेली होती. डावीकडे निरोगी उंदराच्या वृक्काचा सूक्ष्मदर्शकाखालील छेद, उजवीकडे सायक्लोस्पोरिन दिलेल्या उंदराचा. उजव्या चित्रातील नलिका आक्रसलेल्या, पेशींत पोकळ्या पडलेल्या आणि मधल्या जागेत तंतूंचे पट्टे माजलेले. चित्रांखाली ठळक अक्षरांत 'आधुनिक औषधे मूत्रपिंडाचा नाश करतात' असे विधान होते आणि त्याखाली हरिद्रा-पुनर्नवायुक्त एका वटीचे नाव. "सर, पेशंटला दिसेल असं टेबलावर ठेवा, ट्रान्सप्लांटवाले पेशंटसुद्धा आपल्याकडे वळतील," असे प्रतिनिधी जाताना म्हणाले.

आम्ही ते पत्रक खणात ठेवले. त्यातील चित्रे खोटी नाहीत. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या या औषधाने प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या वृक्कपेशींची हानी होते, हे चाळीस वर्षांहून अधिक काळ वारंवार सिद्ध झालेले सत्य आहे. तरीही ते पत्रक रुग्णाच्या नजरेस पडावे असे आम्हाला वाटत नाही. ते का, हे सांगण्यासाठी प्रथम आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट वैद्यबंधू-भगिनींसमोर ठेवणे आवश्यक आहे.

२०११ च्या शरद ऋतूत एक शिक्षक आमच्याकडे आले. किटिभाचे जुने रुग्ण, आधुनिक परिभाषेत सोरायसिस. कोपर, गुडघे आणि पाठ व्यापलेली. दोष बहु, बल उत्तम, काळ अनुकूल. विरेचनासाठी याहून योग्य रुग्ण तो कोणता? आम्ही शास्त्रोक्त क्रमाने निघालो. पाचनासाठी त्रिकटू दिले, त्यानंतर वर्धमान मात्रेत महातिक्तक घृताचे अच्छपान सहा दिवस, मग अभ्यंग-स्वेदन आणि त्रिवृत् लेहाने विरेचन. सतरा वेग झाले. शुद्धी उत्तम झाली म्हणून आम्ही समाधानी होतो. कुष्ठातील पथ्य म्हणून पहिल्या दिवसापासून मीठ पूर्ण वर्ज्य केले होते, आणि रुग्ण स्वतः शिक्षक असल्याने त्यांनी ते काटेकोर पाळले.

संसर्जनक्रम संपता संपता ते डोके दुखते, पायांत बळ नाही, लघवी कमी होते असे सांगत आले. रक्तदाब १६० वर १०० होता. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन १.९ निघाले. तेव्हा कुठे आम्ही त्यांची पिशवी उघडून पाहिली. त्वचारोगतज्ज्ञांनी चार महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल तीत होत्या; १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. त्यांनी त्या एकही दिवस चुकवल्या नव्हत्या. जुना अहवालही पिशवीतच होता आणि त्यात क्रिएटिनिन १.० होते. त्यांनी आमच्यापासून काही लपवले नव्हते. आमच्या रुग्णपत्रकावर पहिल्याच दिवशी आमच्याच अक्षरात 'अ‍ॅलो. औषधे चालू' अशी नोंद होती. कोणती औषधे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांना दूरध्वनी केला. ते रागावतील अशी अपेक्षा होती. त्यांनी कॅप्सूल थांबवण्यास सांगितले, द्रव भरपूर द्या म्हणाले आणि मग एक प्रश्न विचारला: "तुम्ही यांचं मीठ बंद केलं होतं का?" प्रश्नाचा रोख आम्हाला त्या वेळी कळला नाही. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन १.१ वर आले, रक्तदाबही उतरला. पण तो प्रश्न मनातून गेला नाही, आणि त्याच्या मागे जाता जाता आम्ही त्या उंदरांपर्यंत पोहोचलो.

सायक्लोस्पोरिनची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण 'रासायनिक विरुद्ध नैसर्गिक' हा आपल्या मंडळींचा आवडता वाद तिच्यापुढे टिकत नाही. हे द्रव्य मातीतील एका बुरशीपासून मिळाले. स्वित्झर्लंडच्या बाझेल येथील सँडोझ या कंपनीत नव्या जीवाणुनाशकांचा शोध चालू होता आणि त्यासाठी देशोदेशींची माती गोळा केली जात असे. नॉर्वेतील हार्डांगरविद्दा या पठारावरून १९६९ मध्ये आणलेल्या मातीत ही बुरशी सापडली. तिच्यातील अकरा अमिनो आम्लांच्या वलयाकार रेणूत प्रतिकारशक्ती दडपण्याचा गुण आहे, हे १९७२ मध्ये तेथील प्रयोगशाळेत दिसून आले. केंब्रिजमध्ये शल्यविशारद रॉय काल्न यांच्या विभागात ते प्राण्यांत वापरले गेले. पाण्यात न विरघळणारी ही भुकटी तेथील एका ग्रीक सहकाऱ्याने ऑलिव्ह तेलात विरघळवून उंदरांना दिली. अनुपानाचे आणि स्नेहाचे महत्त्व आपण ज्या अभिमानाने सांगतो, त्याचे हे उदाहरण आपल्या व्याख्यानांत कधी ऐकू येत नाही. १९७८ मध्ये काल्न यांनी ते प्रथम वृक्क-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याआधीच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी वृक्कहानीची सूचना दिलीच नव्हती. ती पहिल्यांदा दिसली ती माणसांत. प्रारंभीची मात्रा प्रतिकिलो २५ मिलिग्रॅम, म्हणजे आजच्या कित्येक पट होती आणि वृक्क मंदावू लागले. मात्र प्रत्यारोपित वृक्क मंदावले तर ते औषधाने की शरीराने परके अंग नाकारल्याने, हे ठरवणे कठीण होते. १९८४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथून हृदय-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ती शंका फिटली. या रुग्णांचे हृदय परके होते, वृक्क स्वतःचेच होते. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांच्या वृक्काचा गाळण्याचा वेग जुनी औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आला होता. त्यानंतर संशोधक उंदरांकडे परतले ते कारण शोधण्यासाठी.

हे औषध टी-लसीका पेशींत सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी कॅल्सिन्यूरिन या विकराला अडवते. त्यामुळे पेशींना युद्धाची हाक देणारे इंटरल्यूकिन-२ तयार होत नाही आणि परके अंग शरीरात टिकते. परंतु कॅल्सिन्यूरिन केवळ लसीका पेशींत नसते. ते वृक्कातही असते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. उंदरांत औषध दिल्यावर प्रथम केशिकागुच्छाकडे रक्त आणणारी सूक्ष्म धमनिका आवळते. एंडोथेलिनसारखी आकुंचक द्रव्ये वाढतात, प्रसारक द्रव्ये घटतात, रेनिन वाढते. गुच्छात रक्त कमी येते म्हणून गाळणे मंदावते. ही पहिली अवस्था औषध थांबवल्यावर बहुतांशी ओसरते. आमच्या शिक्षकांचे वृक्क सुधारले ते बहुधा याच कारणाने.

हानीचा दुसरा भाग अधिक वाईट आहे. गुच्छापासून निघणाऱ्या समीपस्थ नलिकेच्या सरळ भागातील पेशींत एकसारख्या आकाराच्या बारीक पोकळ्या पडतात. काही पेशींत तंतुकणिका राक्षसी आकाराच्या होतात, काही पेशी नियोजित मृत्यूच्या मार्गाने एकेक करून नाहीशा होतात. प्राणवायूपासून निर्माण होणारे विघातक कण वाढतात. धमनिकेच्या भिंतीत काचेसारखा पदार्थ साचतो. टीजीएफ-बीटा या संकेतद्रव्याच्या प्रभावाने नलिकांच्या मधल्या जागेत तंतू भरत जातात. वृक्काच्या ज्या किरणाकार पट्ट्यांत रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो तेथे प्राणवायूची ओढ सर्वांत आधी लागते, म्हणून व्रणही पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात. माहितीपत्रकातील उजव्या चित्रात दिसत होते ते हेच.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. साधा आहार घेणाऱ्या उंदराला सायक्लोस्पोरिन दिले तर हे पट्टे सहजासहजी उमटत नाहीत. उंदराचे वृक्क त्या बाबतीत चिवट आहे, आणि सुरुवातीच्या प्रयोगांनी दगा दिला त्यामागे हेही एक कारण असावे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात पोर्टलंड येथे विल्यम बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जी प्रयोगपद्धती रूढ केली, तिचे मर्म आहारात आहे. उंदरांना आधी जवळजवळ मीठविरहित अन्नावर ठेवावयाचे आणि मग प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम सायक्लोस्पोरिन रोज त्वचेखाली टोचावयाचे. अठ्ठावीस दिवसांत माणसाच्या वृक्कात दिसतात तसेच पट्टे, तशाच काचाळ धमनिका आणि तशाच आक्रसलेल्या नलिका तयार. मीठ तुटले की शरीर रेनिन व अँजिओटेन्सिन वाढवून रक्तदाब सांभाळू पाहते; औषधही त्याच दिशेने ओढत असते. दोहोंच्या ओढीत नलिकेच्या पेशी मरतात. अँजिओटेन्सिनला अडवणारी लोसार्टन, एनालाप्रिलसारखी औषधे दिली असता या उंदरांत तंतू कमी झाले, यावरून ही मीमांसा अधिक दृढ झाली. बेनेट व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली. गाळण्याचा वेग आणि तंतूंचे प्रमाण या दोन गोष्टी एकमेकींबरोबर चालतातच असे नाही. वेग सावरला तरी व्रण राहू शकतो. म्हणजे क्रिएटिनिन १.१ वर आले म्हणून आमच्या शिक्षकांच्या वृक्कात काहीच उरले नाही, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्यांच्या वृक्काचा तुकडा कोणी तपासलेला नाही आणि तपासण्याचे कारणही नव्हते.

वैद्यांनी येथे क्षणभर थांबावे. औषध तेच, मात्रा तीच, जातही तीच. आहार बदलला आणि परिणाम बदलला. पथ्य हा चिकित्सेचा अर्धा भाग आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते सुभाषितासारखे म्हणतो. पोर्टलंडच्या उंदरांनी ते वृक्काच्या छेदावर दाखवून दिले, आणि आपल्या बाजूने नव्हे तर आपल्याला जाब विचारणाऱ्या रीतीने दाखवले. कारण सायक्लोस्पोरिन चालू असलेल्या सोरायसिसच्या रुग्णाला अलवण पथ्यावर ठेवून वर विरेचनाने जलांश काढून घेणारे आपणच असतो. माणसात हा प्रयोग कोणी करणार नाही आणि करूही नये. उंदरांवरून माणसाबद्दल तंतोतंत निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्ही वरच सांगितले. पण शरीरातील जलांश घटला की या औषधाची वृक्कावरील बाधा वाढते, एवढे कोणताही वृक्करोगतज्ज्ञ सांगेल. उलट, या रुग्णांना भरपूर मीठ खाऊ घाला असाही याचा अर्थ कोणी लावू नये. या औषधाने रक्तदाब वाढतो आणि त्यासाठी मीठ बेताचेच ठेवावे लागते. बेताचे आणि शून्य यांतील अंतर येथे महत्त्वाचे आहे.

आमच्या त्या चिकित्साक्रमात मीठ हा एकच दोष नव्हता. मिरी आणि पिंपळीतील पायपेरिन आतड्यात औषध बाहेर लोटणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन या पंपाला आणि यकृत-आतड्यातील सीवायपी-३ए४ या विकराला अडवते, असे २००२ मध्ये मानवी पेशींवरील अभ्यासात दाखवले गेले. त्या अभ्यासात पंपाच्या परीक्षेसाठी वापरलेल्या औषधांपैकी एक सायक्लोस्पोरिनच होते. याच दोन दारांतून सायक्लोस्पोरिन रक्तात किती शिरणार हे ठरते. म्हणजे पाचनासाठी दिलेल्या त्रिकटूने त्याची रक्तातील पातळी वाढली असण्याचा संभव आहे. स्नेहात विरघळणाऱ्या या औषधाचे शोषण, विशेषतः त्याच्या जुन्या तैलयुक्त स्वरूपाचे, स्निग्ध आहाराने वाढते, आणि आम्ही तर सहा दिवस तूप पाजत होतो. पाचन, स्नेहन, विरेचन आणि पथ्य, या चारांपैकी नेमके कशाने किती बिघडले हे कोणालाही सांगता येणार नाही. चारही शास्त्रोक्त होते. शास्त्राच्या बाहेरची अशी एकच गोष्ट होती, ती त्या पिशवीत होती.

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात वापरू नयेत असा इशारा आहे. ग्रंथकारांना हे सारे आधीच ठाऊक होते, असले विधान आम्ही करणार नाही. त्या विधानांनी शास्त्राचे हसे होते. परंतु ही तीनही द्रव्ये या एका औषधाच्या संदर्भात पुन्हा समोर उभी राहतात हे नोंदवावेसे वाटते. पिप्पली औषधाची पातळी वाढवू शकते. लवणाची कथा वर आलीच. आणि क्षार? सायक्लोस्पोरिनने रक्तातील पोटॅशियम वाढते. मूत्रकृच्छ्र म्हणून आपण ज्यांना सहज यवक्षार देतो, त्या क्षारात प्रामुख्याने पोटॅशियमच असते.

जाता जाता आणखी एक. 'वृक्काचे औषध' म्हणून आज बाजारात जे काही मिळते त्यावर संहितांचा शिक्का मारणाऱ्यांनी हे स्मरावे, की चरकाने मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ती आणि वंक्षण सांगितले आहे. वृक्क सांगितले आहेत ते मेदोवह स्रोतसाचे मूळ म्हणून. असो.

माहितीपत्रकातील हळदीचे काय? तोही दावा निराधार नाही, आणि म्हणूनच अधिक सावधपणे वाचावयास हवा. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना एकवीस दिवस प्रतिकिलो २० मिलिग्रॅम सायक्लोस्पोरिन टोचले आणि काहींना सोबत तोंडाने प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम करक्युमिन दिले. करक्युमिन दिलेल्या उंदरांचे वृक्क बरेच वाचले. प्रयोग चांगला आहे आणि तो आपल्या देशात झाला याचा आम्हाला आनंद आहे. पण हिशेब करून पाहावा. उंदराच्या मात्रेवरून माणसाची मात्रा काढताना शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात साधारण सहाने भागतात. साठ किलोच्या माणसास सुमारे १४५ मिलिग्रॅम करक्युमिन लागेल. पत्रकातील वटीत हरिद्राचूर्ण आहे २५० मिलिग्रॅम. त्यात तीन टक्के करक्युमिन धरले तर सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे उंदराची बरोबरी करावयाची तर दिवसाला सुमारे वीस वट्या घ्याव्या लागतील. पत्रकावर मात्रा 'दोन वट्या सकाळ-सायंकाळ' अशी आहे.

तरीही कोणी म्हणेल, हळदच ती, जास्त झाली तर काय बिघडते? अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली. तो सायक्लोस्पोरिनच्याच कुळीचे टॅक्रोलिमस घेत होता. त्याने मोठ्या प्रमाणात हळद खाण्यास सुरुवात केली, रक्तातील टॅक्रोलिमस बेसुमार वाढले आणि वृक्काला तीव्र दुखापत झाली. उंदरांच्या वृक्काचे रक्षण करणारी हळद येथे वृक्काच्या हानीचे निमित्त ठरली. दोन्ही घटना खऱ्या आहेत. पहिलीत औषध टोचले होते आणि मात्रा ठरलेली होती, दुसरीत औषध पोटातून जात होते आणि हळद मनाला येईल तेवढी होती.

याची उलट बाजूही आहे आणि ती आम्हास अधिक भयावह वाटते. क्वेर्सेटिन या वनस्पतिजन्य द्रव्याने सायक्लोस्पोरिनपासून उंदरांच्या वृक्काचे रक्षण होते, असे चंदीगडच्याच प्रयोगशाळेने २००१ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी तैवानमधील संशोधकांनी उंदरांत व डुकरांत दाखवले, की तोंडाने दिलेल्या क्वेर्सेटिनमुळे तोंडाने दिलेल्या सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी लक्षणीयरीत्या घटते. २००६ मध्ये त्यांनी आल्याच्या रसाबाबत उंदरांत हेच दाखवले. औषध रक्तात पोहोचलेच नाही तर वृक्क वाचणारच! परंतु प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात औषध रक्तात पोहोचले नाही तर परके अंग शरीर नाकारते. झुरिच येथे २००० साली दोन हृदय-प्रत्यारोपित रुग्णांनी मनःस्वास्थ्यासाठी सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनौषधी घेतली आणि सायक्लोस्पोरिनची पातळी घटून त्यांच्या शरीराने हृदय नाकारावयास सुरुवात केली. वृक्क वाचवले म्हणून कोणी त्यांचे अभिनंदन केले नसते.

म्हणून ते पत्रक आम्ही टेबलावर ठेवले नाही. ज्यांच्या शरीरात बहिणीचे, आईचे किंवा अनोळखी मृत व्यक्तीचे वृक्क आहे, असा रुग्ण ती दोन चित्रे पाहून काय करील? तो औषध सोडील. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील बहुकेंद्री चाचणीत सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचे प्रत्यारोपित वृक्क वर्षाअखेर कार्यरत होते, जुन्या उपचारांवर ते प्रमाण ५२ टक्के होते. वृक्काला इजा करणाऱ्या औषधानेच परके वृक्क टिकवले, ही या औषधाची विचित्र कहाणी आहे. आज प्रत्यारोपणात त्याची जागा बहुतांशी टॅक्रोलिमसने घेतली आहे. तेही जपानमधील मातीतलेच, आणि वृक्कावरील त्याचे दुष्परिणामही त्याच जातीचे. सायक्लोस्पोरिन मात्र सोरायसिस, वृक्कविकारातील प्रथिनस्राव, रक्तनिर्मितीचे काही विकार यांत अजून वापरात आहे, आणि हेच रुग्ण आपल्या दारी येतात. प्रत्यारोपणवाले क्वचित येतात. कुष्ठाचे, शोथाचे रोज येतात.

त्यांच्याकडून औषधांची पाकिटेच मागून घ्यावीत, नावे विचारू नयेत, कारण नावे त्यांना सांगता येत नाहीत. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस दिसले तर शोधनाचा विचार मूळ चिकित्सकाशी बोलल्याशिवाय करू नये. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तदाब यांची नोंद आधी करावी. सोरायसिससाठी हे औषध देणारे तज्ज्ञ मूळ क्रिएटिनिनपेक्षा पाव हिश्श्याने वाढ झाली तरी मात्रा कमी करतात. आपण मात्र 'नॉर्मल रेंजमध्ये आहे' म्हणून अहवाल परत देतो. ०.८ चे १.१ झाले तर छापील मर्यादेत सारे ठीक दिसते, पण ती वाढ पाव हिश्श्याहून अधिक असते. गुडूची, अश्वगंधा, च्यवनप्राश ही नावे प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली आज घरोघरी पोहोचली आहेत. ज्याची प्रतिकारशक्ती हेतुतः उतरवून ठेवली आहे, त्याला ती आपल्या सल्ल्याने तरी दिली जाऊ नयेत. आणि कोणत्याही परिस्थितीत, कितीही आत्मविश्वास असला तरी, प्रत्यारोपणाच्या रुग्णाला औषध बंद करा असे सांगू नये.

रसशाळा चालवणाऱ्या मित्रांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या परिशिष्टात ब्राइट्स डिसीज म्हणजे वृक्कविकाराचे नाव आहे. वृक्कातील अश्मरीही आहे. त्यांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. पत्रक वैद्यांसाठी आहे असे म्हणून ते रुग्णाच्या टेबलावर ठेवावयास सांगणे ही पळवाट झाली. दुसरे, करक्युमिन नीट शोषले जावे म्हणून त्यात पायपेरिन घालण्याची रीत आता सर्वत्र रुळली आहे. बंगळूरू येथे १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासाचा त्याला आधार आहे. पण जे द्रव्य करक्युमिनला दार उघडते ते इतर औषधांनाही उघडते. अशा कल्पांच्या वेष्टनावर 'प्रत्यारोपणानंतरची अथवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असल्यास वैद्यांच्या सल्ल्याविना घेऊ नये' अशी एक ओळ छापण्यास शाईचा खर्च तो किती?

उंदरांचे प्रयोग करणाऱ्या वा करवून घेणाऱ्या निर्मात्यांनी ते जरूर करावेत. तथापि वृक्काच्या छेदाबरोबर त्या उंदरांच्या रक्तातील सायक्लोस्पोरिनची पातळीही मोजावी आणि ती छापावी. त्याविना 'वृक्क वाचले' या वाक्याचा अर्थ लागत नाही. औषध टोचून न देता तोंडाने द्यावे, कारण रुग्ण ते तोंडानेच घेतो. आणि मीठ किती दिले हेही लिहावे.

माहितीपत्रकाच्या निर्मात्यांना आम्ही पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. ती चित्रे कोणत्या प्रयोगातील आहेत, त्या उंदरांचा आहार काय होता, आणि त्यांच्या वटीने औषधाची रक्तातील पातळी वाढते की घटते? हा मजकूर छापावयास देईपर्यंत उत्तर आलेले नाही. आल्यास संपादकांच्या अनुमतीने याच पानांवर देऊ.